चुरी मॅडमना किळस यायची

गटार, गळू, खरूज, महिनोन्महिने न उपसलेली संडासाची टाकी, यांतल्या कशाचीही चुरी मॅडमना किळस यायची नाही. किनाऱ्यावरच्या एका गावात आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन पाहणीला गेलो होतो. पोरं नाकाला रुमाल लावून उभी. मी रुमाल विसरलेला, म्हणून हजेरीचा कागद नाकाला लावून उभा. आणि साठी उलटलेल्या मॅडम पदर खोचून उघड्या गटारावर ओणवलेल्या. "अहो बघा, बघा, अळ्या! पाण्यात तिरक्या लटकल्यात. म्हणजे मलेरियाच्या नाहीत. या की पुढे, चावत नाहीत त्या." आवाजात कौतुक इतकं, की घरच्या नातवंडांची ओळख करून देतायत असं वाटावं.

त्यांना किळस यायची ती कागदाची. न बघता लिहिलेल्या वाक्याची. असं वाक्य समोर आलं की शेंगदाणे खाताना किडका दाणा दाताखाली यावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा. डोळे बारीक, जीभ जरा बाहेर, हात आपोआप पाण्याच्या ग्लासकडे. पोरांनी त्या चेहऱ्याचं नावच ठेवलं होतं, किडका दाणा. तोंडी परीक्षा देऊन कुणी बाहेर आला की बाहेर थांबलेले विचारायचे, "किती दाणे निघाले?" एकदा एकाने सांगितलं, "पावशेर."

आमचं मेडिकल कॉलेज पालघर आणि बोईसरच्या मधे. वारा कारखान्यांकडून आला की आम्ही वर्गाच्या खिडक्या लावून घेतो आणि आत पर्यावरणाचा धडा शिकवतो. विषय सामाजिक वैद्यक, म्हणजे पोरांना ज्यात फक्त पास व्हायचं असतं तो. मी सोलापूरकडचा, नोकरीसाठी बोईसरला येऊन पडलेला. मॅडम इथल्याच, माकुणसार गावच्या. घरची केळीची आणि पानवेलीची वाडी, सरकारी नोकरीतून निवृत्ती, आणि मग आमच्याकडे वर्षावर्षाची मुदतवाढ. एप्रिलमध्ये त्या विभागाला ताडगोळे आणायच्या आणि सोलता न येणाऱ्यांची (म्हणजे माझी) जाहीर कीव करायच्या.

आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला डोंगराकडच्या पाड्यांवरचं एकेक कुटुंब नेमून दिलेलं असतं. दर महिन्याला भेट द्यायची, मुलांची वजनं घ्यायची, काय खातात, पाणी कुठून आणतात ते विचारायचं आणि डायरीत लिहायचं. दीडशे पोरं, महिन्याला दीडशे डायऱ्या. तपासायला आम्ही दोघं. विभागातल्या बाकीच्या जागा भरलेल्या नव्हत्या. त्यांची जाहिरात मात्र नियमाने निघायची.

मॅडम डायऱ्या पेन्सिलने तपासायच्या. मी एकदा विचारलं, पेन का नाही? म्हणाल्या, "पेनाने लिहिलं की पोरं घाबरतात. पेन्सिलने लिहिलं की भांडायला येतात. भांडायला आली तरच शिकतात." शेरा असा नाहीच, समासात एखादा प्रश्न. 'चूल घरात की बाहेर?' 'हे कोण म्हणालं, बाई की बुवा?' 'कुत्रा बांधलेला होता का?' जो घरी गेलाय त्याला कुत्रा माहीत असतोच, हा त्यांचा हिशेब. जो गेलेला नाही तो हमखास लिहायचा, 'कुत्र्याची स्थिती समाधानकारक.'

माझी पद्धत वेगळी होती. मी कँटीनमध्ये चहा गार व्हायच्या आत तीस डायऱ्यांवर सह्या करायचो. एका पोराने माझी परीक्षा घ्यायची म्हणून डायरीच्या मधोमध आदल्या दिवशीच्या क्रिकेट सामन्याचा धावफलक लिहून दिला. मी त्याखाली 'उत्तम निरीक्षण' असं लिहिलं आणि सही ठोकली. ती डायरी मॅडमच्या हाती लागली. तीन दिवस त्या मला 'नमस्कार डॉक्टर'च्या ऐवजी 'काय, किती झाल्या?' असं विचारत होत्या. थोडक्यात, यंत्र यायच्या आधीच मी यंत्र झालेलो होतो. म्हणूनच ते आलं तेव्हा मला भाऊ भेटल्यासारखं वाटलं.

कॉलेजने अध्यापकांचा भार हलका करण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची एक यंत्रणा घेतली. पोरांनी डायरी संगणकावर टाकायची, ती यंत्रणा वाचणार, गुण देणार, प्रेमळ शब्दांत शेरा लिहिणार आणि खाली आमची सही आपोआप उमटणार. गुण कशाला द्यायचे ते ठरवायचं काम डीनसाहेबांनी माझ्यावर सोपवलं. मी एका दुपारी यादी केली. आकडेवारीला तीन, सहानुभूतीला तीन, आत्मचिंतनाला दोन, पुढच्या योजनेला दोन. 'खरोखर गेला का' याला गुण ठेवायचे मला सुचलं नाही. वर, हाताने गुण भरायची सोय बंद करा, नाहीतर लोक पुन्हा जुन्या सवयीवर जातील, अशी सूचनाही मीच केली. डीनसाहेबांनी भर सभेत माझी पाठ थोपटली. मॅडम मागच्या रांगेत बसून पाणी पीत होत्या.

वेळ खूपच मोकळा झाला, हे कबूल करायला हवं. त्या वेळात मी किती वेळ मोकळा झाला याचा मासिक अहवाल लिहायचो.

महिन्याभरात मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. हातात छापलेला कागद. एका पोराने चुकून डायरीच्या जागी हॉस्टेलच्या मेसविषयीची तक्रार टाकली होती. मॅडम खणखणीत आवाजात वाचू लागल्या.

"'डाळीत डाळ दिसत नाही. पोळी चिवट असते. रविवारी अंडं मिळत नाही.' आणि आता यंत्राचा शेरा ऐका. 'कुटुंबाच्या उपासमारीविषयीची तुमची कळकळ हृदयस्पर्शी आहे. अंड्याचा उल्लेख विशेष भावला. दहापैकी आठ.' खाली सही कुणाची, डॉक्टर?"

"माझीच दिसतेय."

"शी!" त्यांनी कागद दोन बोटांत धरून माझ्या टेबलावर ठेवला. मेलेलं झुरळ ठेवतात तसा. "मेसवाल्याला तरी सांगा. त्या पोराला खरंच भूक लागलीय."

मी हसलो. तो किस्सा मी पुढे दहा ठिकाणी सांगितला आणि दहा ठिकाणी लोक हसले. मेसवाल्याला सांगायचं राहिलं.

मग अंजलीचं प्रकरण झालं. ही आमची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. वडील कारखान्यात मशीनवर, घर सरावलीला, घरात हिंदी. अंगाने काडी, बोलणं त्याहून कमी. जानेवारीत तिला यंत्राने दहापैकी दोन गुण दिले आणि अंतर्गत गुणांची बेरीज कमी पडून तिचा विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म अडकला. म्हणजे वर्ष गेलं. तिची डायरी इंग्रजीत होती, मराठीत सांगायची तर एवढीच:

'घर बंद होतं. दाराला तार गुंडाळलेली. शेजारच्या आजी म्हणाल्या, सगळे पडघ्याकडे वीटभट्टीवर गेलेत, बाळालाही नेलंय. मी थोडा वेळ अंगणात बसले. बाळाचं वजन घेता आलं नाही.'

यंत्राचा शेरा होता, 'आकडेवारीचा अभाव. भावनिक गुंतवणूक दिसत नाही. अंगणात बसण्याचा हेतू स्पष्ट करावा.'

मॅडमनी ती डायरी मला दोनदा वाचून दाखवली. "डॉक्टर, इतक्या वर्षांत इतकी स्वच्छ डायरी मी वाचलेली नाही. अहो, 'वजन घेता आलं नाही' हे लिहायला किती छाती लागते!" मग त्यांनी त्याच पाड्यावरच्या बाकीच्या पोरांच्या डायऱ्या काढल्या आणि दाण्यामागून दाणे निघू लागले. दिवाळीनंतर त्या पाड्यावरची निम्म्याहून जास्त घरं भट्ट्यांवर जातात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आमच्या भावी डॉक्टरांना मात्र सगळी घरं उघडी सापडली होती. सगळ्यांनी हसून स्वागत केलं होतं. सगळ्या बाळांची वजनं वाढली होती. पोरांनीही डायऱ्या यंत्राकडूनच लिहून घेतल्या होत्या. एका यंत्राने लिहायचं, दुसऱ्याने वाचून गहिवरायचं, आणि मधे कुणीही नाही. बरोबर माझ्या यादीप्रमाणे.

मॅडमनी गुणांच्या समितीपुढे हे सगळं मांडलं. डीनसाहेब सौम्य आवाजात म्हणाले, "मॅडम, सिस्टिम सगळ्यांना सारखी आहे."

"असेल साहेब. पण घरं बंद होती. ह्यांचं हसून स्वागत केलं कुणी? कोंबड्यांनी?"

"एकीचं खरं धरलं तर बाकीच्यांचं काय धरायचं? पुढच्या महिन्यात कॉलेजची सरकारी तपासणी आहे."

"तेच तर मी विचारतेय. काय धरायचं?"

डीनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडात बिस्किट घातलं. तोंडात बिस्किट असलं की मत द्यावं लागत नाही, एवढं एकच कौशल्य मी नोकरीत कमावलंय. शेवटी ठरलं असं, की सोमवारी संध्याकाळपर्यंत अंजलीने 'पूर्ण झालेल्या भेटीची' डायरी टाकावी, नाहीतर फॉर्म नाही. मॅडम म्हणाल्या, मी हाताने गुण देते. तर हाताने गुण भरायची सोय बंद. कुणाच्या सूचनेवरून, ते इतिवृत्तात नावासकट होतं.

बाहेर आल्यावर मॅडम अंजलीला म्हणाल्या, "कुटुंब घरी नाही ना? मग जिथे आहे तिथे जाऊ. रविवारी सकाळी सात वाजता गेटवर ये. काटा मी आणते." पाड्यावरच्या आशाताईकडून त्यांनी भट्टीच्या मुकादमाचा नंबर मिळवला. तो म्हणाला, कॉलेजचं पत्र असेल तरच या, शेठ बाहेरच्या माणसाला आत सोडत नाही. पत्र आणि गाडी, दोन्ही त्याच यंत्रणेतून निघायची, भेट 'बाकी' दाखवत असेल तर. ती बाकी होतीच. गाडी मंजूर झाली आणि पत्र ड्रायव्हरकडे रविवारी सकाळी मिळेल असं ठरलं.

आता माझा पराक्रम. शुक्रवारी अंजली मला कँटीनजवळ भेटली. चेहरा उतरलेला. मला दया आली, आणि मला दया आली की कुणाचं तरी वाटोळं होतं हे मला अजून कळलेलं नव्हतं.

"कशाला दगदग करता त्या भट्टीपर्यंत?" मी म्हणालो. "आण तो फोन. दोन मिनिटांचं काम आहे."

"सर, लेकिन मैं उनसे मिली नहीं हूँ।"

"अगं, रविवारी जाणारच आहात ना? आत्ता भरून ठेव, मग खरे आकडे टाकू. वर्ष वाया घालवायचंय का?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. मी तिच्यासाठी स्वतः टाइप केलं. यंत्राने सुंदर लिहिलं. 'आईने हसत दार उघडले. एक वर्षाच्या बाळाचे वजन आठ किलो चारशे ग्रॅम. प्रगती समाधानकारक. तिच्या डोळ्यांतील चमक मला बरेच काही शिकवून गेली.' साडेनऊ गुण. फॉर्म सुटला. मी इतका खूश झालो, की रविवारी सकाळी पेढे घेऊन गेटवर गेलो.

गेटवर मॅडम उभ्या होत्या. एका खांद्यावर वजनकाट्याची पिशवी, हातात वाडीतल्या केळ्यांची फणी. शेजारी अंजली, मान खाली. समोर आमचा ड्रायव्हर, रिकाम्या हाताने. "मॅडम, ट्रिप कॅन्सल झाली ना. पत्र पण नाय निघालं. भेट पूर्ण दाखवते."

"कुणाची भेट पूर्ण? कधी गेलीस गं?"

अंजली रडायला लागली. "सर बोले थे।"

सर तिथेच होते, पेढ्यांचा पुडा घेऊन. त्या दिवशी मॅडमचा तो चेहरा झाला नाही. डोळे बारीक झाले नाहीत, जीभ बाहेर आली नाही. मी भाबडा, मला वाटलं वाचलो. त्यांनी फोनवर ती डायरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, फोन अंजलीला परत दिला आणि म्हणाल्या, "तू घरी जा. अभ्यास कर. तुझ्यावर राग नाही." माझ्याशी एक शब्द नाही. दाणा किडका निघाला तर माणूस थुंकतो. अख्खी बरणीच किडलेली असेल तर थुंकणार किती?

त्या तशाच एसटीने एकट्या भट्टीवर गेल्या. पत्र नाही म्हणून फाटकावरून परत पाठवलं. सोमवारी पत्रासाठी डीनसाहेबांकडे गेल्या, तेव्हा मी तिथे बसलेलो होतो. साहेब खरोखर गोंधळून म्हणाले, "पण भेट झालीय ना मॅडम? साडेनऊ गुण आहेत."

मार्चअखेर मॅडमनी मुदतवाढ घेतली नाही. निरोपाचं भाषण माझ्याकडे होतं. त्या दिवशी अहवाल पाठवायचे होते, हाताशी वेळ नव्हता, म्हणून मी… होय, तेच केलं. आणि न वाचता उभा राहिलो. 'तंत्रज्ञानाचे मनःपूर्वक स्वागत करणाऱ्या डॉक्टर सुनंदा चुरी यांच्या डोळ्यांतील चमक आम्हाला बरेच काही शिकवून गेली,' असं माझ्याच तोंडून बाहेर पडल्यावर मला कळलं की मी काय वाचतोय. मागे पोरं खोकल्याच्या आडून हसत होती. उत्तरादाखल मॅडम उठल्या, म्हणाल्या, "आडनाव बरोबर आहे," आणि बसल्या.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. मे संपत आला होता. मी नव्या बॅचची पोरं आणि हातात टॅब घेऊन त्याच पाड्यावर गेलो होतो. भट्ट्यांवरची माणसं शेतीच्या कामांसाठी परतलेली. एका अंगणात दोन बायका पाठमोऱ्या दिसल्या. एक मॅडम, दुसरी अंजली. तिची परीक्षा झालेली होती, या भेटीला कुणी गुण देणार नव्हतं. पडवीच्या वाशाला काटा टांगलेला, खाली झोळीत बाळ. बाळ रडत नव्हतं. रडण्याएवढी ताकद त्याच्यात नव्हती, हे मलासुद्धा लांबून कळलं.

शेजारी उभी बाळाची आई सांगत होती, "होळीच्या आदीपासून असीच हाय. खाल्लेलं ऱ्हात नाय. तिकडं टँकरचं पानी. डाक्टर कोन येतंय तिकडं?"

मॅडमनी मला पाहिलं. नमस्कार नाही, काही नाही. "डॉक्टर, तुमच्याकडे हिचं वजन काय लिहिलंय?"

मी टॅब उघडला. "आठ चारशे."

अंजली काट्यावरची नजर न हलवता म्हणाली, "सहा शंभर."

"लिहा," मॅडम मला म्हणाल्या.

मी सहा शंभर टाकलं. पडद्यावर लाल चौकट आली. आणि सवयीचा गुलाम मी, ती मोठ्याने वाचली. "'नोंद मागील प्रगतीशी जुळत नाही. वजनकाटा तपासावा.'"

आईने झटकन काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मी आशा म्हणेन, आणि ते म्हणताना मला माझीच ओकारी येते. "काटा बिगडलाय काय? मंग पोर बरी हाय ना माजी?"

"काटा बरोबर आहे, बाय," मॅडम हळू म्हणाल्या. "पोर बरी नाय. दवाखान्यात न्यायची, आत्ताच." मग मला, "गाडी खाली आहे ना?"

"आहे, पण ती पोरांसाठी…"

तोवर त्या बाळाला उचलून उताराला लागल्याही होत्या. मागे आई, गाठोडं, झोळी आणि काटा घेतलेली अंजली, आणि त्यांच्या मागे आम्ही. जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी माझी जागा असते. मी सवयीने दार उघडलं. मॅडमनी आईला तिथे बसवलं, अंजली मागे चढली. मॅडम बाळाला घेऊन तिच्या शेजारी बसल्या आणि तिच्याकडची झोळी आणि काटा त्यांनी माझ्या हातात दिला.

"तुम्ही इथेच थांबा. प्रत्येक घरी जा. प्रत्येक पोर काट्याला टांगा."

जीप सुरू झाली. मागच्या काचेतून दिसत होतं, मॅडम मांडीवरच्या बाळाच्या ओठांना साखर-मिठाच्या पाण्याचा चमचा लावत होत्या, रस्त्याचे धक्के चुकवत, थेंब थेंब. वळण येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

पोरं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी काटा खांद्यावर घेतला आणि पुढच्या घराच्या अंगणात शिरलो. एक मुलगा दारात बसून माती चाटत होता. टॅबमध्ये त्याचं वजन जानेवारीपासून दर महिन्याला वाढत गेलं होतं, आणि प्रत्येक आकड्याखाली माझी सही होती.